सांगाडा टाकू नका!

दारावरचं दसऱ्याचं तोरण सुकलं की आमच्याकडे दिवाळीची साफसफाई सुरू होते. मागच्या वर्षी माळा आवरताना मी बांबूच्या काड्यांचा एक धुळकट सांगाडा कचऱ्यात टाकला आणि ऑनलाइन प्लॅस्टिकचा कंदील मागवला. संध्याकाळी आजोबांनी विचारलं, "माझी चांदणी कुठंय?" दर दिवाळीला ते त्याच सांगाड्यावर नवा कागद चिकटवायचे. ते रागावले नाहीत. फक्त कंदील लावताना गॅलरीत आले नाहीत.

यंदा भरपाई करायची ठरवली. आजोबांचे हात आता थरथरतात. म्हणून त्यांनी सांगायचं, गाठी मी मारायच्या. तुम्हालाही जमेल, एका सुट्टीचं काम आहे.

बुरुडाकडून बारीक, लवचिक काड्या आणा. दीड फुटाच्या दहा काड्या कापा. पाच काड्या एकमेकींवरून तिरक्या नेऊन पाच टोकांची चांदणी करा, टोकं दोऱ्याने घट्ट बांधा. अशा दोन चांदण्या झाल्या की एकीवर एक ठेवून फक्त टोकं जोडा. आता मध्ये जिथे काड्या एकमेकींना छेदतात, त्या पाच जागी दोन चांदण्यांच्या मधे चार-चार इंचांचे तुकडे उभे अडकवून बांधा. सपाट चांदणी एकदम फुगते. हा क्षण भारी असतो!

चिकटवायला खळ घरीच करा : दोन चमचे मैदा, पाऊण वाटी पाणी, मंद आचेवर सतत ढवळायचं. पतंगाचा कागद अर्धा इंच जास्तीचा कापून काडीवर दुमडून चिकटवा. बल्ब सोडायला मागची एक बाजू उघडी ठेवा. खालच्या दोन टोकांना झिरमिळ्या लावा. आत ५ वॅटचा एलईडीच हवा. जुना पिवळा बल्ब तापतो, कागद पेटू शकतो.

माझी पहिली गाठ तीनदा सुटली. चौथ्यांदा आजोबांनी माझ्या बोटांवर बोट ठेवून दोरा दाबून धरला. एक टोक जरा वाकडंच राहिलंय. पण परवा बल्ब लावून बघताना बटण दाबायला आजोबा स्वतः उठले.

दिवाळी झाली की कागद काढा; सांगाडा मात्र जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवा. वर चिठ्ठी लावा : 'टाकू नये.' घरात माझ्यासारखं कुणीतरी असतंच.