मॅक्सच्या शेजारची खुर्ची

लियाम लॉसनला फॉर्म्युला वनमध्ये रेडबुलची गाडी मिळाली 2024 च्या डिसेंबरात आणि ती काढून घेतली गेली 27 मार्च 2025 ला. मधे शर्यती झाल्या दोन.

पहिली मेलबर्नला. तिथे तो पात्रता फेरीत अठरावा आला आणि शर्यतीत निसरड्या ट्रॅकवर गाडी भिंतीला नेऊन आदळली. दुसरी शांघायला. तिथे शनिवारच्या छोट्या शर्यतीच्या पात्रतेत तो विसावा आणि मुख्य शर्यतीच्या पात्रतेतही विसावाच. गाड्या एकूण वीस होत्या. त्याच संघाची तशीच गाडी घेऊन मॅक्स व्हर्स्टापेन मेलबर्नला दुसरा आणि शांघायला चौथा आला होता. तेवीस वर्षांच्या लॉसनने हे दोन्ही ट्रॅक याआधी कधी चालवलेले नव्हते. पुढची शर्यत जपानला, सुझुकाला होती आणि तो ट्रॅक त्याच्या चांगल्या ओळखीचा होता; 2023 मध्ये जपानच्या सुपर फॉर्म्युला मालिकेत तो तिथे धावला होता. पण तिथवर थांबायला संघ तयार नव्हता. त्याच्या जागी युकी त्सुनोदाला बसवण्यात आले.

फॉर्म्युला वन अधूनमधूनच पाहणाऱ्याला हा उतावळेपणा वाटेल. त्यामागचा हिशेब असा. प्रत्येक संघाच्या दोन गाड्या धावतात आणि दोन्ही गाड्यांनी मिळवलेल्या गुणांची बेरीज संघाच्या नावावर जमा होते. पहिल्याला 25, दुसऱ्याला 18, असे उतरत दहाव्याला एक गुण. वर्षअखेरीस बक्षिसाचे पैसे वाटले जातात ते संघांच्या क्रमवारीनुसार. चालक जगज्जेता झाला की छायाचित्रे त्याची छापून येतात, तिजोरी मात्र संघाच्या स्थानावर भरते. 2024 मध्ये व्हर्स्टापेन 437 गुण मिळवून जगज्जेता झाला, आणि तरीही रेडबुल संघ तिसरा आला. कारण दुसऱ्या गाडीतल्या सर्जिओ पेरेझचे गुण होते 152. मॅक्लारेनच्या दोघांपैकी एकालाही व्हर्स्टापेनला गाठता आले नाही. पण नॉरिसचे 374 आणि पियास्त्रीचे 292 मिळून 666 झाले आणि संघाचे विजेतेपद मॅक्लारेनकडे गेले.

दुसरी गाडी शर्यतीच्या डावपेचांतही लागते. पुढे आपल्या दोन गाड्या असल्या की एकीला टायर बदलायला लवकर आत बोलवायचे, दुसरीला बाहेर ठेवायचे आणि प्रतिस्पर्ध्याला कात्रीत पकडायचे. 2021 च्या शेवटच्या शर्यतीत अबुधाबीला पेरेझने जुन्या टायरवर लुईस हॅमिल्टनला वळणावळणावर अडवून धरले आणि मागून येणाऱ्या व्हर्स्टापेनला कित्येक सेकंद मिळवून दिले. व्हर्स्टापेनचे ते पहिले विजेतेपद. त्या दिवशी दुसऱ्या खुर्चीने आपले मोल पुरेपूर वसूल करून दिले. तेव्हा दुसरा चालक अडखळायला लागला की वरच्या मंडळींची झोप उडते, यात नवल नाही. नवल याचे, की त्याच्या जागी कोणाला आणायचे हे ठरवताना जगातल्या हुशारातल्या हुशार संघानेही पुन्हा पुन्हा तीच चूक करावी.

या सवयीचे मूळ सापडते 2016 च्या मे महिन्यात. रेडबुलचे दोन संघ आहेत. मुख्य संघ इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सचा. दुसरा इटलीतल्या फाएन्झाचा, जुना मिनार्डी संघ विकत घेऊन उभा केलेला. आधी त्याचे नाव तोरो रोसो होते, मग अल्फाटौरी झाले, आता रेसिंग बुल्स आहे. ही झाली तालीम. तिचे वस्ताद होते हेल्मुट मार्को, स्वतः एकेकाळचे चालक. 1972 च्या फ्रेंच ग्रां प्रीत उडालेला दगड लागून त्यांचा एक डोळा गेला आणि कारकीर्द तिथेच संपली. पोरे हेरायची, तालमीत घोटायची, त्यातला एखादा मुख्य संघाच्या आखाड्यात उतरवायचा आणि नाही जमले तर परत पाठवायचा, ही त्यांची पद्धत होती. 2016 मध्ये मुख्य संघात रशियाचा दानिल क्व्यात होता. आदल्या वर्षी त्याने सहकारी डॅनियल रिकार्डोपेक्षा जास्त गुण मिळवले होते आणि एप्रिलमध्ये चीनला तो तिसराही आला होता. मग सोचीला, घरच्या शर्यतीत, पहिल्याच फेरीत तो सेबास्टियन फेटेलला जाऊन धडकला. काही दिवसांतच त्याची पाठवणी तोरो रोसोत झाली आणि तिथला अठरा वर्षांचा व्हर्स्टापेन वर आला.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. 15 मे रोजी बार्सिलोनाला, नव्या गाडीतल्या पहिल्याच शर्यतीत, हा मुलगा जिंकला. फॉर्म्युला वनच्या इतिहासातला सर्वांत तरुण विजेता. त्या दिवशी मर्सिडीजच्या दोन्ही गाड्या पहिल्याच फेरीत एकमेकींवर आदळून बाहेर गेल्या होत्या, हे मात्र सांगताना सहसा गाळले जाते. पहिल्याच दिवशी मटक्याचा आकडा लागलेल्या माणसासारखी मग त्या संघाची गत झाली. एकदा लागला, म्हणजे पुन्हा लागणारच.

2019 मध्ये पिएर गास्लीला वर आणले. बारा शर्यतींनंतर त्याचे गुण होते 63 आणि व्हर्स्टापेनचे 181. हंगेरीला तर व्हर्स्टापेनने त्याला एक अख्खी फेरी मागे टाकले. उन्हाळ्याच्या सुट्टीतच त्याची जागा ॲलेक्स अल्बनने घेतली. अल्बनने पुढच्या वर्षी दोन वेळा तिसरा क्रमांक मिळवला, पण वर्षअखेरीस हिशेब 105 विरुद्ध 214 असा निघाला आणि तोही गेला. दरम्यान परत पाठवलेला गास्ली त्याच 2019 मध्ये ब्राझीलला दुसरा आला आणि 2020 मध्ये मोंझाला चक्क जिंकला, तेही तालमीतल्या गाडीत. मुख्य संघाच्या भारी गाडीत ज्याला चौथ्याच्या वर जाता आले नव्हते, तो कमी ताकदीची गाडी घेऊन पहिला येतो, याचा अर्थ काय लावायचा? माणूस रातोरात बदलत नाही. बदलली होती ती गाडी.

ही गाडी नेमकी कशी, हे अल्बनने पुढे एका मुलाखतीत फार सोपे करून सांगितले. संगणकाच्या माउसचा वेग पार शेवटच्या टोकापर्यंत वाढवून ठेवला, तर नुसता हात लागला तरी पडद्यावरचा बाण इकडून तिकडे धावतो. व्हर्स्टापेनला गाडीचे पुढचे टोक तसे लागते. सुकाणू किंचित वळवले की नाक वळणात घुसले पाहिजे. मागची चाके सैल सुटली तरी त्याला त्याचे काही वाटत नाही, तो ती सहज सावरतो. इतरांचा मात्र अशा मागच्या टोकावर भरवसा बसत नाही. ज्याचा भरवसा बसत नाही, तो वळणापूर्वी अंमळ लवकर ब्रेक दाबतो, आणि प्रत्येक वळणावर सेकंदाचा शंभरावा, पन्नासावा भाग गमावत गेला की पहिल्या रांगेतला चालक अकराव्या-बाराव्या जागेवर दिसू लागतो. गाडी मुद्दाम एकट्या मॅक्ससाठी बनवली असे नाही. पण वर्षानुवर्षे जो जिंकून देतो त्याच्या अभिप्रायावर सुधारणा होत गेल्या, की ती हळूहळू त्याच्याच मापाची होते. दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालून धावायचे, आणि वर तुलना त्या सदऱ्याच्या मालकाशी.

पेरेझच्या गोष्टीत हे फार स्पष्ट दिसते. तो तालमीतला नव्हे. फोर्स इंडिया या विजय मल्ल्यांच्या संघात तो पाच वर्षे धावला. पुढे रेसिंग पॉइंट झालेल्या त्याच संघाने फेटेलसाठी त्याला नारळ दिला, आणि डिसेंबर 2020 मध्ये साखिरला पहिल्या फेरीत शेवटी गेलेला असताना त्याने शर्यत जिंकली. तेव्हा कुठे रेडबुलने आपला हट्ट सोडून बाहेरचा, मुरलेला गडी घेतला. 2023 च्या पहिल्या चार शर्यतींत दोन त्याने जिंकल्या, दोन व्हर्स्टापेनने. पाचवी मायामीला होती. पेरेझ सर्वांत पुढून निघाला, व्हर्स्टापेन नवव्या जागेवरून, जिंकला व्हर्स्टापेन. पेरेझ त्या वर्षी एकूण क्रमवारीत दुसरा आला खरा, पण 575 विरुद्ध 285 गुणांनी, आणि मायामीनंतरचा पेरेझ पूर्वीचा राहिला नाही.

आणि इथेच, मला वाटते, संघाची सर्वांत महागडी चूक झाली. 2024 मध्ये कार्लोस साइन्झ मोकळा झाला होता. हॅमिल्टनसाठी फेरारीने त्याला सोडले होते. शर्यती जिंकलेला, डोके शांत असलेला आणि 2015 मध्ये तोरो रोसोत खुद्द व्हर्स्टापेनच्या बरोबरीने धावलेला. असा माणूस दारात उभा असताना रेडबुलने जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरेझचाच करार पुढे वाढवला, तोही मोनॅकोला पहिल्याच फेरीत त्याच्या गाडीचा चुराडा झाल्यावर थोड्याच दिवसांनी. करार हाती आला की मनावरचे ओझे उतरेल, असा हिशेब असावा. ओझे उतरले नाही. डिसेंबरात करार मोडून पेरेझला निरोप द्यावा लागला. साइन्झ तोवर विल्यम्सकडे गेला होता आणि 2025 मध्ये त्या मधल्या फळीतल्या संघासाठी तो बाकू आणि कतारला तिसरा आला.

मग पुन्हा तालीम. लॉसनच्या गाठीला अकरा शर्यती होत्या आणि त्सुनोदाच्या गाठीला चार मोसम. दोघे एकाच संघात असताना पात्रता फेऱ्यांत त्सुनोदाच वरचढ होता. तरी निवड झाली लॉसनची. त्याची मानसिक कणखरता संघाला भावली होती. दोन शर्यतींत ती कणखरता कशी मोजली, हे त्यांचे त्यांना माहीत. शिवाय सरावच कुठे उरला होता? 2025 चा मोसम सुरू होण्याआधी सगळे मिळून तीन दिवस, तेही दोन चालकांत वाटून. बाकीचा अभ्यास सिम्युलेटरवर. त्सुनोदाचा प्रवेश मात्र झोकात झाला: होंडाचा माणूस, होंडाचे इंजिन, होंडाच्या मालकीचा सुझुकाचा ट्रॅक आणि गाडीलाही होंडाच्या जुन्या गाडीची आठवण करून देणारा पांढरा रंग. तो बारावा आला. व्हर्स्टापेन जिंकला.

घरचा की बाहेरचा, हा पेच एकट्या रेडबुलचा नाही. फेरारीने तर 2009 मध्ये दोन्ही मार्ग चोखाळून पाहिले होते. फेलिपे मासा जखमी झाल्यावर आधी घरचा परीक्षक लुका बादोएर बसवला. दहा वर्षे शर्यतीपासून दूर असलेला हा माणूस दोन्ही वेळा सर्वांच्या मागे राहिला. मग फोर्स इंडियाचा फिसिकेला आणला, जो आदल्याच शर्यतीत स्पाला सर्वांत पुढून निघून दुसरा आला होता. फेरारीच्या पाच शर्यतींत त्याला एक गुण मिळाला नाही.

अशा बदलीची झळ आपल्याकडेही पोचलेली आहे. 2011 मध्ये एचआरटी या तळाच्या संघात नरेन कार्तिकेयनला सिल्व्हरस्टोनपासून बाजूला व्हावे लागले, कारण रेडबुलला आपला शिकाऊ रिकार्डो तिथे घडवायचा होता. त्या वर्षी ग्रेटर नोएडाला भारतात पहिली ग्रां प्री झाली, तेव्हा कार्तिकेयन तेवढ्यापुरता परत आला. मुंबईचा जेहान दारुवाला याच तालमीत तीन वर्षे होता. 2020 मध्ये फॉर्म्युला टूच्या कार्लिन संघात त्याचा सहकारी होता युकी त्सुनोदा. त्सुनोदा त्या वर्षी तिसरा आला आणि लगेच फॉर्म्युला वनमध्ये गेला. दारुवाला शर्यती जिंकत राहिला, पण वरचा दरवाजा उघडला नाही. 2022 नंतर तो रेडबुलपासून वेगळा झाला आणि पुढे फॉर्म्युला ईमध्ये मासेरातीसाठी धावला. त्या एका वर्षाने दोघांच्या वाटा वेगळ्या केल्या.

2025 चा शेवट आकड्यांतच सांगावा लागतो. व्हर्स्टापेन 421 गुणांवर थांबला आणि नॉरिस 423 गुणांनी जगज्जेता झाला. रेडबुलचे एकूण गुण 451, म्हणजे दुसऱ्या गाडीचे अवघे तीस. मर्सिडीज 18 गुणांनी पुढे जाऊन दुसरी आली. जुलैमध्ये संघप्रमुख ख्रिश्चन हॉर्नर यांना जावे लागले, वर्षअखेरीस मार्कोही गेले. त्सुनोदाला राखीव चालक करण्यात आले आणि 2026 साठी ती खुर्ची मिळाली इझाक हॅजारला. फॉर्म्युला वनमधली आपली पहिलीच शर्यत तो मेलबर्नला सुरू होण्याआधीच, फेरफटक्याच्या फेरीत गाडी घसरवून, गमावून बसला होता आणि सर्वांसमोर रडला होता. ऑगस्टमध्ये नेदरलँड्सला तो तिसरा आला. निवड पुन्हा तालमीतूनच झाली आहे. फरक एवढाच, की 2026 ला नियम नवे, गाडी नवी, इंजिनही नवे. निदान सुरुवातीला तरी तो सदरा कोणाच्याच अंगाच्या मापाचा नसेल.

त्या खुर्चीवरून उठवले गेलेले गास्ली, अल्बन, पेरेझ आणि लॉसन हे चौघेही 2026 च्या चालकांच्या यादीत आहेत. अल्पाइन, विल्यम्स, कॅडिलॅक आणि रेसिंग बुल्सच्या गाड्यांत.