कास्तीलची बोली आणि स्पॅनिशचा विस्तार

स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेत राज्याची भाषा म्हणून ‘कास्तेयानो’, म्हणजे कास्तीलची भाषा, हेच नाव घातलेले आहे. आज दोन खंडांत पसरलेली स्पॅनिश एके काळी उत्तर स्पेनमधील एका डोंगराळ सरहद्दीची बोली होती, याची ती खूण होय.

इ. स. पूर्व २१८ मध्ये रोमन सैन्य इबेरियन द्वीपकल्पात उतरले. पुढील काही शतकांत तेथील जुन्या भाषा लॅटिनपुढे लोपल्या. टिकली ती केवळ बास्क. लोकांच्या तोंडच्या लॅटिनमधून उत्तरेस गॅलिशियन, लिओनी, कास्तीली, आरागोनी, कातालान अशी बोलींची साखळीच तयार झाली. कास्तीली या साखळीतील मधली कडी खरी, पण शेजारणींपासून फटकून राहणारी. लॅटिन ‘फिलियुस’ (मुलगा) आणि ‘फारिना’ (पीठ) या शब्दांतील आद्य फकार पोर्तुगीजने राखला. कास्तीलीत त्याचा हकार झाला व पुढे तोही उच्चारातून गळून ‘इहो’, ‘आरिना’ ही रूपे उरली. लेखनात मात्र हकार अद्याप कायम आहे.

बास्कमध्ये मुळात फकार नसल्यामुळे तिच्या संसर्गाने हा बदल घडला, असे मेनेंदेस पिदाल यांनी प्रतिपादिले. पिरेनीजपलीकडे बास्कला लागून असलेल्या गास्कन बोलीतही हाच बदल आढळतो, ही गोष्ट त्यांच्या पक्षास बळकटी देते. तथापि बास्कला तितक्याच लगटून असलेल्या नवारच्या बोलीत फकार टिकला, याची वाट काय लावायची? ही उपपत्ती आकर्षक असली तरी सिद्ध झालेली नाही, असेच म्हणणे प्राप्त आहे. सान मिल्यान मठातील लॅटिन पोथीच्या समासांत आढळणाऱ्या प्रसिद्ध टिपांनाही ‘स्पॅनिशचा पहिला लेख’ म्हणताना असाच संयम हवा. त्यांची भाषा कास्तीलीपेक्षा नवार-आरागोनच्या बोलीस अधिक जवळची आहे. शिवाय त्यांतील दोन टिपा चक्क बास्क भाषेत आहेत.

इ. स. ७११ मध्ये सुरू झालेल्या मुसलमानी अमलाचा ठसा शब्दसंग्रहावर उमटला. त्यांतले काही शब्द मराठी वाचकास परके वाटू नयेत. नगराध्यक्ष या अर्थाचा ‘अल्काल्दे’ म्हणजे आपला काजी. जकातखाना या अर्थाचा ‘आदुआना’ म्हणजे आपला दिवाण. ‘आसुकार’ (साखर) व ‘नारांखा’ (नारिंग) हे तर भारतातूनच फारसी आणि अरबीच्या मार्गे तेथवर पोचले.

१०८५ मध्ये तोलेदो जिंकल्यावर कास्तीलीचे पारडे जड झाले. दहाव्या अल्फोन्सोने (१२५२–१२८४) कायदा, इतिहास व ज्योतिष या विषयांचे ग्रंथ तीत रचवून गद्यास स्थैर्य आणले. १४९२ मध्ये नेब्रिहाचे व्याकरण प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी कोलंबसाचे जहाज अटलांटिकपार गेले.

विजेत्यांबरोबर त्यांची भाषाही अमेरिकाभर तत्काळ पसरली, ही समजूत मात्र बरीचशी भ्रामक आहे. धर्मोपदेशकांना देशी लोकांस ख्रिस्ती करावयाचे होते, स्पॅनिश नव्हे. म्हणून ते स्वतःच नाहुआत्ल व केचुआ शिकले, त्यांची व्याकरणे लिहिली. १५८४ मध्ये लीमा येथे छापलेली धर्मप्रश्नोत्तरी स्पॅनिश, केचुआ व आयमारा अशा तीन भाषांत होती. देशी भाषा बंद पाडण्याचा तिसऱ्या कार्लोसचा आज्ञालेख १७७० चा, म्हणजे साम्राज्याच्या उतरत्या काळातला. खेड्यापाड्यांत स्पॅनिश खोलवर रुजवली ती मुख्यतः स्वातंत्र्योत्तर प्रजासत्ताकांनी, शाळा, सैन्य आणि कचेऱ्या यांच्या द्वारे. स्पेनचे जोखड झुगारणाऱ्यांनीच स्पेनची भाषा सार्वत्रिक करावी, आणि त्यात असंख्य देशी भाषांचा बळी जावा, हा इतिहासातील विलक्षण प्रकार होय. मेक्सिकोने तेथील देशी भाषांना ‘राष्ट्रीय भाषा’ म्हणून कायद्याने मान्यता दिली ती २००३ मध्ये.

फिलिपिन्सचे उदाहरण याच्या उलट आहे. तेथे १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनची सत्ता होती. परंतु स्पॅनिश वसाहतवाले थोडे, उपदेशक देशी भाषांत बोलणारे, आणि पुढे आलेल्या अमेरिकन सत्तेने शाळांत इंग्रजी घातली. त्यामुळे स्पॅनिश तेथे लोकभाषा झालीच नाही. मिंदानाओ बेटावरील झांबोआंगा शहरात मात्र चाबाकानो नावाची मिश्र भाषा अद्याप नांदते. तिचे बहुतेक शब्द स्पॅनिश आहेत, पण वाक्यात क्रियापद आधी येते ते फिलिपिनी भाषांच्या वळणाने.