शेवटची तान आणि तबकडीचं गणित

ख्याल विलंबितात सुरू होतो, लय हळूहळू चढते आणि द्रुतातल्या तानांनी मैफल रंगते. लाँग प्ले रेकॉर्डला मात्र नेमका उलटा क्रम मानवतो. बाहेरच्या कडेला ती जोरकस आवाज लीलया पेलते. लेबलाजवळ पोचेपर्यंत तिचा दम संपत आलेला असतो. स्वतःच्या गाण्याची रेकॉर्ड काढायला निघालेल्यांनी आधी हा पेच समजून घ्यायला हवा.

बारा इंची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. वेग तोच, पण बाहेरचा वळसा मोठा आणि आतला लहान. त्यामुळे सुरुवातीला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खाच सरकते, शेवटी जेमतेम २१. १०,००० हर्ट्झच्या ध्वनीची एक लाट बाहेर ०.०५ मिलिमीटर लांब असते, आत ०.०२. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच सुमारे ०.०१८ मिलिमीटर! एवढ्या आखूड वळणात ते टोक नीट बसत नाही. मग ‘स’, ‘श’, ‘च’ चरचरतात आणि जवारीची झळाळी हरवते.

जागाही मोजकीच. वीस मिनिटांच्या बाजूला ६६७ वळसे लागतात आणि ते साधारण साडेआठ सेंटीमीटरच्या पट्ट्यात बसवायचे. म्हणजे एका वळशाच्या वाट्याला ०.१३ मिलिमीटर. पंचवीस मिनिटं कोंबली, की ०.१. आवाज मोठा, तर खाचेचं हेलकावणंही मोठं. जागा आक्रसली की आवाज उतरवावा लागतो आणि रेकॉर्डची खरखर वर येते.

सर्वाधिक जागा खातो तो खर्ज. म्हणून खाच कापताना तो दाबतात, तीव्र ध्वनी उचलतात आणि वाजवताना अॅम्प्लिफायर नेमकं उलट करतो. अमेरिकेतल्या ‘आरआयएए’ या संघटनेने १९५४ मध्ये त्याचं प्रमाण ठरवलं. २० हर्ट्झला ही घट जवळपास २० डेसिबल असते.

स्टिरिओची युक्ती अॅलन ब्लुमलाइन यांच्या १९३१च्या पेटंटमधली. खाचेची एक भिंत डाव्या आवाजाची, दुसरी उजव्या. दोन्हींत सारखा असलेला आवाज सुईला आडवं हलवतो, त्यांच्यातला फरक वर-खाली. डग्ग्याचा घुमारा एकाच बाजूला गेला, तर खाच कुठे खोल, कुठे उथळ होते आणि सुई उडू शकते. खर्ज मधोमध ठेवतात तो यासाठीच.

तेव्हा स्टुडिओतून एमपी३ नव्हे, २४ बिटची वेव्ह फाइल द्यावी. प्रत्येक बाजूची एक, गाण्यांमधल्या शांततेसह. आवाज चेपून मोठा करण्याचा हव्यास टाळावा. चरचरणारी व्यंजनं आधीच मवाळ करावीत. आणि द्रुताचं काय? राग तर उलटा गाता येत नाही. बाजू पंधरा-सोळा मिनिटांवर थांबवली, तर खाच लेबलापासून दूरच संपवता येते. नाहीतर दुसरी बाजू द्रुतानेच सुरू करावी.

लेबलालाही भौतिकशास्त्र चुकलेलं नाही. सुमारे १० सेंटीमीटर व्यासाचा हा कागद गोंदाने चिकटवत नाहीत. तापून मऊ झालेल्या पीव्हीसीच्या गोळ्याबरोबर तो साच्यातच दाबला जातो. कागदात ओल राहिली तर वाफ होऊन फोड येतात, म्हणून लेबलं आधी भट्टीत वाळवतात. मधल्या भोकाजवळ मजकूर नको. कव्हरचं चित्र छपाईच्या चार रंगांत, ३०० डीपीआयचं आणि कापणीसाठी चहूबाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचं असावं. देवनागरी अक्षरांचे फाँट आउटलाइनमध्ये बदलूनच फाइल पाठवावी; एरवी छापखान्याच्या संगणकावर वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते आणि जोडाक्षरं फुटतात.

सगळ्या रेकॉर्ड दाबण्याआधी चाचणी प्रती येतात. त्या दोन-तीन वेगवेगळ्या प्लेअरवर ऐकाव्यात. एकाच प्रतीत ‘टक्’ वाजलं, तर दोष त्या प्रतीचा. सगळ्या प्रतींत त्याच जागी वाजलं, तर खोट निकेलच्या साच्यात किंवा त्याच्याही आधीच्या मूळ कापणीत आहे. ते तेव्हाच सांगावं. होकार दिल्यावर त्या साच्यातली प्रत्येक रेकॉर्ड ती खोट घेऊनच बाहेर पडते.