परवलीचा शब्द दोनदा का?

२०२५ सालापासून अकरावीचे प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन होऊ लागले. त्यामुळे अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले-पाथर्डीची मुलेही आता संगणकावर अर्ज भरतात. अशा कामासाठी खाते उघडताना पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, बऱ्याचदा दोनदा लिहावा लागतो. एकदा लिहून का भागत नाही?

आपण टंकलेली अक्षरे शेजाऱ्याला दिसू नयेत म्हणून पडद्यावर नुसते ठिपके उमटतात. पण त्यामुळे आपली चूक आपल्यालाही दिसत नाही! शिवाय चांगल्या व्यवस्थेत मूळ शब्द साठवतच नाहीत. गणिती क्रियेने बनवलेली त्याची एक खूण तेवढी ठेवतात. खुणेवरून शब्द उलट काढता येत नाही. मग चुकलेला शब्द तुम्हाला सांगणार कोण?

आता थोडे गणित करू. समजा, ५० वेळा लिहिताना तुमची एकदा चूक होते. दोन्ही वेळा चूक होण्याची शक्यता १/५० × १/५०, म्हणजे २५०० त एक. त्यातही दोन्ही वेळा नेमकी तीच चूक होणे आणखी विरळा. म्हणून दोन्ही चौकटी जुळल्या, तर शब्द बरोबर आहे असे मानतात.

संगणक ही तुलना कशी करतो? प्रत्येक अक्षराला त्याच्याकडे क्रमांक असतो. इंग्रजी मोठ्या 'ए'चा ६५, लहान 'ए'चा ९७, मोकळ्या जागेचासुद्धा ३२. दोन्ही चौकटींतील क्रमांक ओळीने ताडून पाहिले जातात. एकही वेगळा निघाला, की 'जुळत नाही' असा इशारा मिळतो.

परंतु येथे एक मेख आहे. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या मुलीचे दोन्ही शब्द अगदी जुळले. तरी दुसऱ्या दिवशी खाते उघडेना. पसंतीक्रम भरण्याची मुदत त्याच संध्याकाळी संपणार होती. ती रडकुंडीला आली. शेवटी उलगडा झाला. आदल्या दिवशी कॅप्स लॉकची कळ चुकून दाबलेली राहिली होती, म्हणून दोन्ही वेळा सारी अक्षरे मोठी उमटली होती! ती कळ दाबून शब्द लिहिताच खाते उघडले.

प्रयोगशाळेतील व्हर्निअर कॅलिपर आठवा. वाचन घेताना झालेली चूक पुन्हा मोजल्यावर पकडता येते. पण उपकरणातच शून्य-त्रुटी असेल, तर शंभर वेळा मोजा, प्रत्येक वाचन तेवढ्यानेच चुकेल. कॅप्स लॉक ही कळफलकाची शून्य-त्रुटीच! वरचा गुणाकार दोन चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच लागू पडतो. पहिल्या चौकटीतला शब्द दुसरीत नुसता चिकटवला, तर ती तपासणीच उरत नाही.

तेव्हा डोळ्याचे चिन्ह असल्यास, आजूबाजूला कोणी नाही असे पाहून, शब्द एकदा उघडा करून वाचा. दोन वाचने जुळली म्हणजे ती बरोबरच असतात असे नाही, हे प्रयोगवहीतही विसरू नका.