नव्या घराची वायरिंग : फ्यूज घर वाचवतो, माणसाला कोण वाचवणार?



आपल्या वस्त्यांत पत्र्याची घरं जाऊन स्लॅबची घरं उभी राहत आहेत. कुणाला रमाई आवास योजनेतून घरकुल मिळालं, कुणी बचत गटाचं कर्ज काढून भिंती उभ्या केल्या. टाइल्स कोणत्या, रंग कोणता, तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो कुठल्या भिंतीवर, यावर घरात चार-चार दिवस चर्चा होते. वायरिंगची चर्चा मात्र पाच मिनिटांत संपते. ‘वायरमनला सांगा, काय ते करून टाक.’

आरोग्याच्या पानावर वायरिंग कशाला, असं कुणी विचारेल. शॉक बसलेल्या माणसाला दवाखान्यात आणेपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो. त्यावरचा खरा उपाय भिंतीला प्लास्टर होण्याआधीच करावा लागतो, म्हणून हा विषय आरोग्याचाच आहे.

फ्यूज काय करतो, काय करत नाही

वायरीतून तिच्या ताकदीपेक्षा जास्त करंट गेला की ती तापते, वरचं प्लास्टिक वितळतं आणि आग लागते. तसं होण्याआधी फ्यूजची तार वितळते किंवा एमसीबी खाली पडतो. म्हणजे फ्यूज आणि एमसीबी वायर वाचवतात, घर वाचवतात.

माणसाचं गणित वेगळं आहे. साधारण १० मिलिअँपिअर करंटने हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढे श्वास आणि हृदय धोक्यात येतं. ५ अँपिअरचा फ्यूज म्हणजे ५००० मिलिअँपिअर. तो उडायची वाट पाहिली तर माणूस हातचा जातो.

माणसासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली अर्थिंग, दुसरी आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत फरक पडला, म्हणजे थोडा करंट कुणाच्या अंगातून जमिनीत जातोय असं दिसलं, की आरसीसीबी क्षणात वीज तोडतो. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचाच मागा. त्यावर ‘टेस्ट’चं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून पाहा. वीज गेली नाही तर तो बदला. मात्र आरसीसीबी बसवला म्हणून एमसीबी टाळता येत नाही. दोन्ही हवेत.

छोट्या घराचा आराखडा

दोन खोल्यांच्या घरातही सगळं एकाच लाइनवर टाकू नका. किमान चार लाइन वेगळ्या ठेवा.

१. दिवे, पंखे, टीव्ही, मोबाइल चार्जिंग : १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ६ अँपिअरचा एमसीबी.
२. स्वयंपाकघर (मिक्सर, फ्रिज, इंडक्शन शेगडी) : २.५ चौरस मिलिमीटरची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी.
३. न्हाणीघर (गिझर किंवा पाणी तापवायचा रॉड) : २.५ चौरस मिलिमीटरची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी.
४. कूलर, इस्त्री, पाण्याची मोटर : वरीलप्रमाणेच.

हिशेब सोपा आहे. वस्तूवर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागा, अँपिअर मिळतील. १५०० वॅटचा रॉड साडेसहा, २००० वॅटची इंडक्शन शेगडी पावणेनऊ, १००० वॅटची इस्त्री सव्वाचार अँपिअर घेते. सकाळच्या घाईत तिन्ही एकाच लाइनवर चालू झाली, तर साडेएकोणीस अँपिअर होतात. १६ चा एमसीबी पडू शकतो. तो बिघडलेला नसतो, आपलं काम करत असतो. अशा वेळी मोठा एमसीबी बसवणं, किंवा फ्यूजमध्ये तारेचे दोन-चार पदर गुंडाळणं, म्हणजे पहारेकऱ्याला झोपवणं आहे.

वायरमनकडून काय मागायचं

काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. नव्या मीटरसाठी परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्टही लागतो. फ्यूज आणि बटण फेजच्याच वायरीवर हवं, न्यूट्रलवर नको. नाहीतर बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट राहतो. प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी अर्थिंगची वायर गेली पाहिजे. तिसरं भोक नुसतं दिसायला नको. पाण्याच्या नळाला अर्थिंग जोडू देऊ नका. पत्र्याचा कूलर आणि मोटर यांना तीन पिनांचाच प्लग लावा. उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढा, मग बादली उचला.

पैसे कमी पडत असतील तर शोभेचे दिवे आणि पीओपी नंतर करा. अर्थिंग, आरसीसीबी आणि चांगली वायर आधी.

शॉक बसला तर

चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने त्याला वायरीपासून दूर करा. बाहेरच्या खांबावरची वायर पडली असेल तर जवळही जाऊ नका, १९१२ वर फोन करा.

माणूस श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन लावायला सांगा आणि लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात करा. मोठ्या माणसाची छाती ५ सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मदत येईपर्यंत थांबू नका. मातीत पुरणं, तेल चोळणं यात मोलाचा वेळ जातो. भाजलेल्या जागेवर हळद किंवा टूथपेस्ट न लावता २० मिनिटं वाहतं पाणी सोडा. माणूस उठून बसला, बोलू लागला तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा. बाहेर छोटा डाग दिसतो, पण इजा आत असू शकते.

शॉकने माणूस गेला की ‘त्याचं नशीब’ म्हणणारे भेटतात. दुःखाला कारण असतं आणि ते दूर करता येतं, ही शिकवण घेतलेल्या आपल्या घरात हे वाक्य शोभत नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते आणि विजेचा विषयही त्यांच्या खात्यात होता. वीज त्यांनी देशाच्या विकासाचं साधन मानली. ती आपल्या घरात आली आहे, तर सुरक्षितपणे यायला हवी.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर हा विषय घ्या. एखाद्या जाणत्या वायरमनला बोलवा आणि विहाराच्याच बोर्डापासून तपासणी सुरू करा. जयंतीच्या रोषणाईआधी ती पूर्ण झालेली असू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!