आकडीवर तुपाचा उतारा, पण तराजूने मोजून

पोराला आकडी आली की खेड्यापाड्यांत आजही कुणी कांदा फोडून नाकाला लावतो, कुणी पायताण हुंगवतो, कुणी देवर्षीकडे धाव घेतो. यातले काहीच कामाचे नाही. फेफरे हा मेंदूचा आजार आहे. दहातल्या साधारण सात पोरांची आकडी रोजच्या गोळ्यांनी आटोक्यात राहते. प्रश्न उरतो तो बाकीच्या तिघांचा. दोन-दोन औषधे देऊनही ज्यांना गुण येत नाही, त्यांच्यासाठी आहाराचा एक जुना उपाय आहे.

उपासाने आकडी थांबते, हे प्राचीन ग्रीक वैद्यांनाही ठाऊक होते. पण लेकराला उपाशी ठेवणार तरी किती दिवस? १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी तोड काढली. पीठ-साखर जवळजवळ बंद करून भरपूर स्निग्ध दिले, तर पोट भरलेले असूनही शरीर उपासासारखी चरबी जाळते. त्यातून तयार होणारे 'कीटोन' मेंदूला इंधन म्हणून चालतात आणि आकडी कमी होते. म्हणून याचे नाव 'कीटोजेनिक' आहार. १९३८ मध्ये फेनिटॉइनची गोळी आली आणि वजनकाट्याची ही कटकट मागे पडली. १९९३ मध्ये हॉलिवूडचे दिग्दर्शक जिम अब्राहम्स यांच्या मुलाला या आहाराने गुण आला, तेव्हा जगाचे लक्ष पुन्हा इकडे वळले.

दिल्लीच्या 'एम्स'मध्ये याचाच थोडा सोपा प्रकार १०२ मुलांवर तपासला गेला. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांत आहार घेणाऱ्या ५२ टक्के मुलांच्या आकड्या निम्म्याहून कमी झाल्या. नुसत्या औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण साडेअकरा टक्के होते.

मग घरी तूप-लोणी आहेच, करू या की सुरू? तसे मुळीच करू नये. एम्सच्या त्या आहारात पिष्ट दिवसाला फक्त १० ग्रॅम होते, म्हणजे जेमतेम चतकोर भाकरीएवढे. भात, गूळ, बिस्कीट बंद. औषधाचे गोड सिरपसुद्धा हिशेबात धरावे लागते. आजीने मायेने दिलेला एक लाडू सगळ्यावर पाणी फिरवू शकतो, म्हणून अख्ख्या घराने पथ्य समजून घ्यावे लागते. काही मुलांच्या शरीरात जन्मतःच चरबी जाळण्याची क्रिया बिघडलेली असते. त्यांच्या जिवावरच बेतू शकते, म्हणून आधी तपासण्या हव्यात. बद्धकोष्ठता, मुतखडा, वाढ मंदावणे असे त्रासही होतात.

तेव्हा जिल्हा रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञ डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ गाठावेत. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि आकडी आलीच, तर पोराला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. पाच मिनिटांत थांबली नाही, तर थेट दवाखाना गाठावा.