पहाटेचे धावणे : बॉक्सर ते का टाळतो, कसे टिकवतो

बॉक्सिंगच्या सरावातल्या धावण्याला ‘रोडवर्क’ म्हणतात, आणि पुष्कळ बॉक्सरांना सगळ्या सरावात तेच सर्वांत नकोसे असते. बॅगवर ठोसा बसला की आवाज येतो, स्पारिंगमध्ये समोर माणूस असतो, कोच चूक तिथल्या तिथे दाखवतो. रस्त्यावर यातले काहीच नसते. आज पाच किलोमीटर पळाले म्हणून संध्याकाळचा ठोसा काही जोरात बसत नाही. फरक दिसतो तो काही आठवड्यांनी, तोही शेवटच्या राउंडमध्ये. मेहनत रोख आणि मोबदला उधार असेल तर चालढकल होणारच. तिला सरसकट आळस म्हणणे चूक आहे.

मोबदला कोणता, हे मात्र स्पष्ट असायला हवे. ऑलिम्पिकची लढत ३ मिनिटांच्या ३ राउंडची असते, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. पुरुषांच्या व्यावसायिक विजेतेपदाच्या लढतीत असे १२ राउंड असतात. ठोशांची एक जोरदार सरबत्ती स्नायूंत तयार असलेल्या इंधनावर भागते, तिला त्या क्षणी प्राणवायूची गरज नसते. पण हा साठा काही सेकंदांत उतरतो आणि तो पुन्हा भरण्याचे काम प्राणवायूवर चालते. म्हणजे पहिला ठोसा मारायला दम लागत नसला, तरी पुढचे ठोसे त्याच जोराने मारायला लागतोच. नियमित धावण्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलते, स्नायूंतल्या केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्यावर नाडी लवकर खाली येते. ज्याचा दम संपतो त्याचा गार्ड, म्हणजे बचावासाठी चेहऱ्यापुढे धरलेले हात, आपोआप खाली येतो. मग तंत्र कितीही घोटलेले असो, मार बसतो.

धावण्याची तऱ्हा चुकली तरी उत्साह मावळतो. नवखा बॉक्सर पहिल्याच आठवड्यात रोज जीव तोडून पळतो, नडग्या दुखायला लागतात आणि पंधरा दिवसांत बूट कोपऱ्यात जातात. आठवड्यातले बरेचसे धावणे शेजारच्याशी बोलता येईल इतक्या संथ वेगाने व्हावे, हा नियम साधा असला तरी सर्वांत जास्त मोडला जाणारा आहे. एक-दोन दिवस वेगाचे ठेवता येतात : ३ मिनिटे जोरात, १ मिनिट हळू, पुन्हा ३ मिनिटे जोरात. या मापात धावणाऱ्याला आपण कितव्या राउंडमध्ये आहोत हे कळत राहते. कंटाळवाण्या किलोमीटरना लढतीचा आकार येतो, आणि ज्याला मुळात लढायचे आहे त्याला एवढे पुष्कळ असते.

मनाच्या बाजूने पाहिले तर पहाटे बिछान्यात पडल्या पडल्या ‘जावे की न जावे’ हा विचार सुरू झाला की निम्मी लढाई हरलेली असते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले, की ‘मी व्यायाम करीन’ या नुसत्या संकल्पापेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक करीन’ असे आधीच ठरवलेले काम पार पडण्याची शक्यता जास्त असते. रात्रीच रस्ता ठरवणे आणि कपडे, बूट काढून ठेवणे यामागचे कारण हेच : सकाळी ठरवायला काही उरू नये. सवय अंगवळणी पडायला वेळ मात्र लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात तो साधारण ६६ दिवस निघाला. माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, हेही त्यांना आढळले. एक पहाट हुकली म्हणून सगळा आठवडा सोडून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दिवसभर डोके शिणवणारे काम करून संध्याकाळी धावायला गेले की पाय जड वाटतात. हा निव्वळ बहाणा नसतो. सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ९० मिनिटे बौद्धिक काम केलेल्यांनी सायकलवरचा व्यायाम लवकर सोडला. हृदय आणि स्नायू होते तसेच होते; श्रम तेवढे जास्त वाटत होते. म्हणूनच डोके शिणण्याआधी, पहाटेच रोडवर्क करण्याच्या जुन्या रिवाजात बरेच शहाणपण आहे.

सोबतीचा परिणाम याहून जुना माहीत आहे. १९२० च्या दशकात ओटो कोलर यांनी बर्लिनच्या नौकानयनपटूंना वजन उचलायला लावले, आधी एकेकट्याने आणि मग जोडीने. जोडीतला दुबळा गडी एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकला, कारण त्याने सोडले की दोघांचे थांबणार होते. दोघांच्या ताकदीतला फरक मध्यम, म्हणजे फार कमीही नाही आणि फार जास्तही नाही असा असेल तेव्हा हा परिणाम सर्वांत चांगला दिसतो. म्हणून क्लबातल्या सर्वांत वेगवान मुलामागे फरपटत जाण्यापेक्षा आपल्याहून बेताने सरस जोडीदार बरा. उशीर झाला की शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणारे कोच मात्र स्वतःच्याच हाताने नुकसान करतात. जे काम शिक्षा म्हणून दिले जाते, ते आपणहून करावेसे कोणाला वाटेल?

यश मिळाल्यावर प्रश्न आणखी अवघड होतो. १९८० ते १९८७ मिडलवेट विश्वविजेता राहिलेला मार्व्हिन हॅगलर पैसा आल्यावरही तयारीसाठी अमेरिकेतल्या केप कॉड या भूशिराच्या टोकाला, प्रॉव्हिन्सटाउनमध्ये जाऊन राहायचा. पर्यटक निघून गेलेल्या त्या ओसाड गावात वाळूच्या टेकड्यांवर तो लष्करी बूट घालून पळे. घरच्या ऊबदार बिछान्याशी रोज झगडण्यापेक्षा त्याने बिछान्यापासूनच लांब जाणे पसंत केले. मुहम्मद अलीही जड बूट घालून धावत असे. नवख्याने या दोघांची शिस्त घ्यावी, बूट घेऊ नयेत; गुडघे आणि घोटे त्याला तयार नसतात.

घाम काढायला प्लॅस्टिकचे जाकीट घालून पळणे त्याहून वाईट. त्यात उतरते ते पाणी, चरबी नव्हे. १९९७ मध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतले तीन तरुण वजन उतरवण्याच्या अशाच खटाटोपात दगावले. ताप असेल, सांधा सुजला असेल तर त्या दिवशी सुटी घ्यावी. पावसाळ्यात रस्ते निसरडे झाले की ३ मिनिटांच्या मापानेच दोरीवरच्या उड्या माराव्यात. दमही टिकतो आणि पायांची चपळाईही. लढतीआधीच्या शेवटच्या आठवड्यात धावणे मुद्दाम कमी करतात. तेव्हा नवा दम कमवायला वेळ उरलेला नसतो, साचलेला थकवा तेवढा उतरवायचा असतो.